दारावरची बंदूक

सराफी पेढीवर किंवा पतसंस्थेवर दरोडा पडल्याची बातमी छापून आली, की म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या बाजारपेठांत एकच प्रश्न विचारला जातो: दारावर बंदूकधारी पहारेकरी ठेवावा काय? ज्याच्या तिजोरीत गिऱ्हाइकांचे दागिने गहाण पडलेले असतात, त्या व्यापाऱ्याला ही चिंता वाटावी हे स्वाभाविकच आहे. तथापि भयाच्या भरात केलेली निवड बहुधा चुकते. म्हणून या प्रश्नाचा शांत चित्ताने विचार होणे अगत्याचे आहे.

खाजगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा कायदा २००५ साली झाला. त्याखालील केंद्राच्या आदर्श नियमावलीने पहारेकऱ्यासाठी १०० तासांचे वर्गातील व ६० तासांचे प्रत्यक्ष शिक्षण सांगितले. त्यात आग विझविणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्रे तपासणे हे विषय आवश्यक आहेत; बंदूक हाताळण्याचे शिक्षण मात्र ऐच्छिक आहे! म्हणजे सुरक्षा संस्थेचा गणवेश अंगावर आहे, एवढ्यावरून तो मनुष्य शस्त्र चालविण्यास लायक ठरतो असे नाही. शिवाय शस्त्राचा परवाना माणसाला असतो, गणवेशाला नव्हे. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने जाताना आपली बंदूक दिवसपाळीच्या सोबत्याकडे सोपवावी आणि त्या सोबत्याचे नाव कोणत्याही परवान्यात नसावे, हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो. किती मालकांनी तो परवाना स्वतः मागून वाचला आहे?

त्याहून मोठा प्रश्न गोळी झाडण्याच्या अधिकाराचा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने जुन्या दंड संहितेतील तत्त्व कायम ठेवले आहे: स्वसंरक्षणासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरावे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, किंवा मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर गोष्ट निराळी. पण नुसती चोरी करून पळणाऱ्याचा प्राण घेण्याची मुभा कायदा देत नाही. हा भेद भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, क्षणार्धात करावयाचा असतो.

तो करताना सुशिक्षित हातही चुकू शकतो, याची खूण किनारपट्टीने पाहिली आहे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळपुढील समुद्रात ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजाच्या रक्षणार्थ ठेवलेल्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार प्राणास मुकले. होडी चाच्यांची वाटली, असे इटलीचे म्हणणे होते. पुढे नऊ वर्षे दोन राष्ट्रे न्यायासनांपुढे भांडत राहिली आणि जून २०२१ मध्ये दहा कोटी रुपयांच्या भरपाईनंतर सर्वोच्च न्यायालयाने येथील खटला बंद केला. हे पहारेकरी तर शिकलेले सैनिक होते. पेढीच्या दारावरील अर्धवट झोपेतल्या माणसाकडून आपण अधिक कशी अपेक्षा करावी?

मग बंदूक सर्वथा वर्ज्य मानावी काय? तसे आम्ही म्हणत नाही. रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर दोन सशस्त्र रक्षक असावेत, असे केंद्राच्या २०१८ च्या नियमांनी सांगितले आहे. परंतु त्याच नियमांनी एका खेपेस पाच कोटींहून अधिक रक्कम नेऊ नये, शहरात रात्री नऊनंतर व ग्रामीण भागात सायंकाळी सहानंतर यंत्रांत रोकड भरू नये, असेही बजावले आहे. धोका आधी कमी करावा आणि उरलेल्या धोक्यासाठी शस्त्र ठेवावे, हा त्यातील शहाणपणा व्यापाऱ्यांनी घेण्यासारखा आहे.

बहुतेक दुकानांना, हॉटेलांना व कारखान्यांना बंदुकीची गरज नाही. भक्कम तिजोरी, चांगला उजेड, चालू असलेली धोक्याची घंटा, पोलीस ठाण्याशी संपर्क आणि रात्री एकट्याऐवजी दोन जागते पहारेकरी, एवढ्याने बरेच साधते. आपल्या गावचा राखणदार रात्री सीमेवरून फिरतो तो हाती दांडा घेऊन, अशीच आपली श्रद्धा आहे. त्याचा धाक शस्त्राचा नाही, जागेपणाचा आहे. गावही त्याला विसरत नाही. वर्षाकाठी त्याचा मान त्याला पोहोचवते. आमचे व्यापारी मात्र दारावरच्या माणसाला बारा-बारा तास उभे ठेवतात, कंत्राटदार सर्वांत स्वस्त कोणता एवढेच पाहतात आणि त्याच्या हाती किती वेतन पडते याची चौकशीही करीत नाहीत.

जो मालक पहारेकऱ्याला आठ तासांची पाळी, पुरते वेतन आणि बसायला खुर्ची देण्यास कां कूं करतो, त्याने त्याच्या हाती बंदूक देण्याचा विचारही करू नये. ज्याच्या व्यवहारास खरोखर सशस्त्र रक्षण हवे, त्याने परवाना तपासावा, नेमबाजीचा नियमित सराव करवून घ्यावा आणि गोळी केव्हा झाडायची नाही हे आधी शिकवावे. चोरीस गेलेले सोने परत मिळू शकते, विम्यातून भरूनही निघते. चुकून झाडलेली गोळी परत घेता येत नाही.