शेजारच्या खिडकीतलं गाणं

‘पडोसन’ पाहून आपण पोट धरून हसतो. पण पडदा बाजूला ठेवून नुसती गाणी ऐकली, तर त्या हसण्यामागे केवढं गाणं दडलं आहे ते कळतं!

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी हुणसूर हे तालुक्याचं गाव लागतं. मराठी वाचकांना हे नाव फारसं परिचयाचं नसेल. पण कन्नड चित्रपटांचे शौकीन ते चांगलं ओळखतात. ज्येष्ठ दिग्दर्शक आणि गीतकार हुणसूर कृष्णमूर्ती यांनी ते पडद्यावर नेलं. १९७४ साली त्यांनी ‘भक्त कुंबार’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. हा कुंबार म्हणजे आपले तेरचे संत गोरा कुंभार! राजकुमार यांनी ती भूमिका केली आणि आपला संत शेजाऱ्यांच्या घरचाही झाला.

शेजार म्हटला की अशी देवघेव असतेच, तशी थट्टाही असते. उत्तरेकडच्या पडद्यानं दक्षिणेकडच्या शेजाऱ्याची केलेली सर्वांत गाजलेली थट्टा म्हणजे १९६८ सालच्या ‘पडोसन’मधला मास्टर पिल्लै. शेंडी, लुंगी, कपाळावर गंध आणि तोंडात खास दाक्षिणात्य हेलाची हिंदी. मेहमूदनं रंगवलेला हा संगीतशिक्षक पाहून आजवर कितीतरी पिढ्या हसल्या. ज्या म्हैसूर प्रांतात संगीतशिक्षक म्हणजे घरोघरी मानाचं माणूस, तिथल्या रसिकाला हे हसू थोडं टोचलं, तर त्यात नवल नाही. मात्र या चित्रपटाच्या गाण्यांकडे कान दिला, की वेगळंच काही हाती लागतं.

आठ गाणी, आठ तऱ्हा

‘पडोसन’ हा मूळ ‘पाशेर बाडी’ या १९५२ सालच्या बंगाली चित्रपटाचा हिंदी अवतार. दिग्दर्शक ज्योती स्वरूप; निर्माते मेहमूद आणि एन. सी. सिप्पी, गीतकार राजेंद्र कृष्ण. संगीतकार राहुल देव बर्मन, म्हणजे सर्वांचे लाडके पंचम, तेव्हा तिशीच्या आत होते. १९६१ साली ‘छोटे नवाब’मध्ये त्यांना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी दिली, तीही मेहमूद यांनीच.

विनोदी चित्रपटाला दोन-चार हलकीफुलकी गाणी पुरतात, असा तेव्हाचा समज. पंचमनी मात्र इथे गाण्यांची मिसळच मांडली. लताबाईंचं ‘भाई बत्तूर’ अवखळ, तर ‘शर्म आती है मगर’ लाजरं आणि संथ. सायकलवरून निघालेल्या मैत्रिणींच्या ‘मैं चली मैं चली’मध्ये लताबाई आणि आशाबाई या दोघी मंगेशकर भगिनी एकत्र. ‘आओ आओ साँवरिया’त मन्ना डे शास्त्रीय वळणाचे. ‘मेरे भोले बलम’मध्ये किशोरकुमार चक्क बाईचं सोंग आणून गातात, ते लोकनाट्यातल्या नाच्याची आठवण करून देणारं. ‘कहना है’मध्ये तेच किशोरकुमार मनातलं गूज हळुवार सांगतात.

पंचम लहानपणापासून घरात वडील सचिनदांचं संगीत ऐकत आलेले. सरोदवादन उस्ताद अली अकबर खाँकडे आणि तबला पंडित सामताप्रसादांकडे शिकलेले. शिवाय पाश्चात्त्य संगीताचा कान तयार. पुढे त्यांच्या वादकमेळ्याचा कणा ठरलेल्या सहायकांत बासुदेव चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग यांच्याबरोबर तालाची बाजू सांभाळणारे आपले मारुतीराव कीरही होते. म्हणूनच एका तबकडीवर ठुमका, भजन, नौटंकी आणि यॉडलिंग यांचा शेजार सुखानं नांदतो.

गाणारा एक, ओठ दुसऱ्याचे

कथा सर्वांना ठाऊक आहे. साधाभोळा भोला (सुनील दत्त) समोरच्या घरातल्या बिंदूवर (सायरा बानू) भाळतो. बिंदूला गाण्याचं वेड आणि भोलाचा गळा असा की ऐकवत नाही. मग त्याचा मित्र विद्यापती (किशोरकुमार) युक्ती काढतो. खिडकीत बसून भोलानं नुसते ओठ हलवायचे आणि विद्यापतीनं लपून गायचं!

‘मेरे सामनेवाली खिडकी में’ हे गाणं असं जन्माला येतं. थोडा विचार केला तर यातली गंमत लक्षात येते. पडद्यावर नायक ओठ हलवतो आणि आवाज दुसऱ्याचा असतो, हे तर हिंदी चित्रपटांचं उघड गुपित. ‘पडोसन’नं ते गुपितच कथेत आणलं. पार्श्वगायक पडद्यामागून थेट पडद्यावर आला! गाण्यात एक खरखरता आवाज येतो, तोही मजेदार. कंगवा खरखरीत पृष्ठभागावर घासून पंचमनी तो काढला. घरातली कुठलीही वस्तू वाद्य होऊ शकते, हा त्यांचा पुढे प्रसिद्ध झालेला खाक्या इथेच दिसतो.

चतुर सामना

या आठ गाण्यांतलं मानाचं पान अर्थातच ‘एक चतुर नार’चं. त्याचा मुखडा मुळात जुना. १९४१ सालच्या बॉम्बे टॉकीजच्या ‘झूला’मध्ये तो किशोरकुमारांचे थोरले बंधू अशोककुमार यांनी गायला होता. पंचमनी त्या छोट्या बीजाचं मोठं झाड केलं. एका खिडकीत मास्टर पिल्लै, समोरच्या खिडकीत भोला आणि त्याच्यामागे दडलेला विद्यापती. पिल्लैसाठी मन्ना डे, विद्यापतीसाठी स्वतः किशोरकुमार आणि मधूनमधून मेहमूद यांचाही आवाज.

मन्ना डे काका के. सी. डे यांच्या तालमीत वाढलेले. उस्ताद अमान अली खाँ आणि उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे शिकलेले. किशोरकुमारांनी गाण्याचं रीतसर शिक्षण कधी घेतलंच नाही. आणि कथेत हरायचं मन्नादांनी! हे त्यांना आधी रुचलं नव्हतं, असं सांगितलं जातं.

आता गाणं पुन्हा ऐकावं. पिल्लै दाक्षिणात्य ढंगाची सरगम घेतो, ती कुठेही उगाच केलेली नक्कल वाटत नाही. लय वाढते, सवाल-जवाब झडू लागतात. किशोरकुमार नियम मोडतात. मध्येच आवाज चिरका करतात, गाता गाता बोलायला लागतात, शब्दांची मोडतोड करतात. ताल मात्र सोडत नाहीत. शेवटी पिल्लैचा सूर भरकटतो आणि तो गडबडून जातो. इथेच मन्नादांची कमाल आहे. बेसुऱ्यानं बेसूर गाणं सोपं; पण नेमक्या जागी, नेमक्या मापानं सूर सोडायचा आणि तोही हसू येईल अशा रीतीनं, हे पक्क्या गवयालाच जमतं. मन्नादांनी भिंत भक्कम उभी केली, म्हणून किशोरकुमारांना तिच्यावर उड्या मारता आल्या.

हरला कोण?

याच मन्नादांवर बारा वर्षांपूर्वी नेमका उलटा प्रसंग आला होता. १९५६ सालच्या ‘बसंत बहार’मध्ये शंकर-जयकिशन यांनी त्यांना ‘केतकी गुलाब जुही’ गायला बोलावलं. समोर होते पंडित भीमसेन जोशी, आणि कथेप्रमाणे जिंकायचं होतं मन्नादांनी! ते इतके धास्तावले की मुंबईबाहेर निघून जावं, असं त्यांच्या मनात आलं. पत्नीनं धीर दिला तेव्हा ते उभे राहिले. हे त्यांनी स्वतःच अनेकदा मोकळेपणानं सांगितलं. भीमसेनजींनीही मोठ्या मनानं कथेतला पराभव स्वीकारला. त्यामुळे त्यांची थोरवी तसूभरही कमी झाली नाही.

योगायोग असा, की ‘बसंत बहार’ची कथा त. रा. सुब्बराव यांच्या ‘हंसगीते’ या कन्नड कादंबरीवर बेतलेली आणि भीमसेनजी मूळचे गदगकडचे. त्यांचे गुरू सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ म्हैसूरच्या दरबारात गायला जात. तिथे ऐकलेल्या कर्नाटक पद्धतीच्या सरगमचा रंग त्यांच्या गायकीला चढला. त्यांनी त्यागराजांच्या कृतीची ध्वनिमुद्रिकाही दिली. म्हणजे पडद्यावर ज्या दोन संगीतपद्धती खिडक्यांतून भांडतात, त्या प्रत्यक्षात हुणसूरपासून अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरवर, म्हैसूरच्या राजवाड्यात, मांडीला मांडी लावून बसल्या होत्या!

मन्नादांच्या घरीही हा शेजार नांदत होता. त्यांच्या पत्नी सुलोचना केरळच्या. ‘चेम्मीन’ या १९६५ सालच्या मल्याळी चित्रपटातलं मन्नादांचं गाणं केरळमध्ये अजून विसरलेलं नाही. मराठी माणसाला तर ‘वरदक्षिणा’तलं ‘घन घन माला नभी दाटल्या’ ऐकताना हा गायक बंगाली आहे, हे आठवतसुद्धा नाही. ज्याची थट्टा करायची, त्याची भाषा आणि त्याचं गाणं आपलंसं केलेला गळाच पंचमनी पिल्लैसाठी निवडला. म्हणून ती थट्टा विखारी झाली नाही.

पंचम १९९४ साली गेले, मेहमूद २००४ साली. मन्नादा अखेरच्या वर्षांत मुंबई सोडून बंगळूरला राहायला गेले. तिथेच २४ ऑक्टोबर २०१३ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मास्टर पिल्लैचा आवाज कर्नाटकातच विसावला.

यापुढे घरात ‘एक चतुर नार’ लागलं, की मुलांबरोबर जरूर हसा. फक्त एकदा जिंकणाऱ्या विद्यापतीकडे लक्ष न देता हरणाऱ्या पिल्लैचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. हसू ओठांवर राहीलच. पण हात आपोआप कानाच्या पाळीला जाईल.