गोदामात समिती नसेल तर
नागपूरजवळ अमरावती रोडवरच्या वाडीत ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोदामं आहेत. कुठे पाच-सातच माणसं, त्यात एखादीच बाई. तिला कुणी लैंगिक त्रास दिला, तर तिने जायचं कुठे? दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने अंतर्गत समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीचं दार उघडं ठेवलं आहे. रोजंदारीवरची, ठेकेदाराकडची बाईही तिथे जाऊ शकते. तक्रार लेखी हवी, घटनेपासून ३ महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. मला हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते. चौकशी चालू असताना तिला बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजाही मागता येते.