दरपत्रकात मालाची चित्रे कशी बसवावीत?

हिमरूच्या शालीची नक्षी शब्दांत सांगून परगावच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. 'वेलबुट्टी, तांबडा रंग' एवढ्यावर तो ऑर्डर देत नाही. त्याला चित्र लागते. म्हणून बरेच व्यापारी बंधू एक्सेलमधील दरपत्रकात मोबाईलवर काढलेली छायाचित्रे एकेक करून चिकटवतात. वीस नग असतील तर ठीक, दोनशे असले की दोन दिवस जातात. हे काम एक्सेलमधील मॅक्रो, म्हणजे व्हीबीए भाषेतील छोटा प्रोग्राम, काही मिनिटांत करतो.

आधी फोल्डर नीट लावावे. प्रत्येक चित्राला त्या नगाचाच नंबर नाव म्हणून द्यावा. आपल्याकडे नंबर '१०१/२' असा लिहायची सवय आहे, पण फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. तेथे आडवी रेघ घ्यावी आणि यादीतही तसाच बदल करावा. नावे इंग्रजी अक्षरे-आकड्यांतच ठेवावीत. मराठी किंवा उर्दू नावाची फाइल व्हीबीएच्या 'डिर' या आज्ञेला बहुधा सापडत नाही.

प्रोग्राम यादीतील एकेक ओळ घेतो, नंबर वाचतो, त्यापुढे '.जेपीजी' जोडून फाइलचा पूर्ण पत्ता तयार करतो आणि 'डिर'ने फाइल आहे की नाही ते पाहतो. नसेल तर त्या घरात 'चित्र नाही' असे लिहून पुढे जातो. असेल तर 'शेप्स.ॲडपिक्चर' ही आज्ञा चित्र आणते. ओळीची उंची मात्र आधीच ठरवावी. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच.

खरी मेख याच आज्ञेत आहे. पत्त्यानंतर दोन उत्तरे द्यावी लागतात. पहिले, चित्राला फक्त दुवा जोडायचा का. दुसरे, चित्र फाइलमध्येच साठवायचे का. पहिल्याला 'फॉल्स' आणि दुसऱ्याला 'ट्रू' द्यावे. उलटे दिले तर आपल्या संगणकावर सारे छान दिसते, पण खरेदीदाराकडे मालाच्या जागी रिकाम्या चौकटी उघडतात, कारण चित्रे आपल्याच दुकानात राहिलेली असतात. तो बिचारा फोन करून विचारत नाही, दुसऱ्याकडे जातो. 'पिक्चर्स.इन्सर्ट' ही जुनी, सोपी आज्ञा एक्सेल २०१० पासून असाच नुसता दुवा जोडते, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. २०२२ मध्ये आलेले 'इमेज' हे सूत्रही येथे कामाचे नाही. त्याला इंटरनेटवरचा पत्ता लागतो, आपल्या संगणकातील फोल्डर चालत नाही.

चित्राच्या 'प्लेसमेंट'ला १ द्यावा आणि ते घराच्या कडांपासून थोडे आत ठेवावे. मग भावाप्रमाणे यादी लावली तरी चित्र आपल्या ओळीबरोबर जाते.

मॅक्रो पुन्हा चालवला तर जुन्या चित्रांवर नवी बसतात. म्हणून आधी जुनी पुसावीत, पण तेवढ्याच रकान्यातील. नाहीतर दुकानाचे बोधचिन्हही जाईल!

वजनाचेही पाहावे. चित्र यादीत लहान दिसले तरी फाइलमध्ये मूळ आकाराचे बसू शकते. चार एमबीची दोनशे चित्रे म्हणजे आठशे एमबी, ती ई-मेलने कशी जाणार? आधीच चारशे पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करावीत.

मॅक्रोची फाइल आपल्याजवळ ठेवावी. गिऱ्हाइकाला साधी 'एक्सएलएसएक्स' प्रत किंवा पीडीएफ पाठवावी, आणि त्याआधी ती दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावी.