चाक सुतात आहे का?

मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल स्विंगआर्मच्या दोन टोकांना लांबट खाचांमध्ये बसवलेला असतो. स्विंगआर्मला गॅरेजमध्ये ‘चिमटा’ म्हणतात आणि आकार पाहता ते नाव चपखल आहे. चेन ढिली झाली की एक्सल या खाचांतून थोडा मागे ओढायचा, एवढीच त्या खाचांमागची योजना. मात्र दोन्ही टोके सारखी सरकली नाहीत तर चाक तिरपे बसते.

हा तिरपेपणा डोळ्यांना दिसत नाही, कारण तो जिथे निर्माण होतो तिथे तो फार लहान असतो. समजा, चिमट्याच्या दोन बाजूंत 200 मि.मी. अंतर आहे आणि एक बाजू दुसरीपेक्षा 1 मि.मी. मागे राहिली. बजाज पल्सर 150 च्या दोन चाकांमधले अंतर 1320 मि.मी. आहे. तेवढ्या लांबीवर त्या 1 मि.मी.चे साडेसहा मि.मी. होतात. म्हणजे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मध्यावर रोखलेले नसते, त्याच्या कडेकडे रोखलेले असते.

परिणाम हळूहळू जाणवतात. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते, चेन कुरकुरते. नेमका पुरावा मागच्या स्प्रॉकेटवर मिळतो. दातांची एकच बाजू घासून चकाकत असेल आणि दुसरीवर जुना काळा थर तसाच असेल, तर चेन तिरपी चालली आहे असे खुशाल समजावे.

चेन ताणताना बहुतेक जण चिमट्यावरच्या खुणा पाहतात: डावीकडे तिसरी रेघ, उजवीकडेही तिसरी, झाले काम. या रेघांवर फार विसंबू नये. रेघेला स्वतःची जाडी असते, पाहणाऱ्याचा कोन बदलला की वाचन बदलते, आणि गाडी एकदा जोरात पडली असेल तर चिमटाच वाकलेला असू शकतो. जुन्या बुलेटवर रेघांऐवजी गोगलगायीच्या शंखासारखे खाचांचे कॅम असतात आणि दोन्हीकडच्या खाचा मोजून सारख्या ठेवतात. तिथेही मोजणी बरोबर आली तरी चाक सरळ आहे याची खात्री मिळत नाही.

तपासणीआधी गाडी मेन स्टँडवर घ्यावी. मागचे चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. बेअरिंगमध्ये किंवा चिमट्याच्या बुशात खेळ असेल तर पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ. चाक हाताने फिरवत चेनचा ढिलेपणा चार-पाच ठिकाणी पाहावा. तो सगळीकडे सारखा नसतो. जिथे चेन सर्वांत ताठ असेल, तिथलेच माप धरायचे. किती ढिलेपणा हवा हे गाडीच्या पुस्तिकेत असते. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांना तो 20 ते 30 मि.मी.च्या आसपास लागतो.

पहिली पद्धत सर्वांत सोपी. चिमटा फ्रेमला ज्या बोल्टावर जोडलेला असतो, त्याच्या केंद्रापासून एक्सलच्या केंद्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचे. मापनपट्टी सायलेन्सरला किंवा फूटरेस्टला अडते. त्यापेक्षा सरळ सळई बरी. तिचे एक टोक बोल्टाच्या मध्यावर टेकवावे आणि एक्सलच्या मध्याशी सळईवर चिकटपट्टीची खूण करावी. तीच सळई दुसऱ्या बाजूला लावली की आकडे न वाचताच फरक दिसतो.

दुसरी पद्धत गवंड्यांच्या लाइनदोरीची. तिच्यात पुढचे चाकही तपासले जाते, म्हणून खरा निवाडा तिचाच. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या पाठीला लावून दोन्ही टोके गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढे न्यावीत आणि पुढच्या चाकाच्याही पुढे, दोन विटांना ताणून बांधावीत. उंची शक्य तितकी एक्सलजवळची ठेवावी. स्टँडला किंवा सायलेन्सरला दोरी कुठेही टेकता कामा नये. आता विटा आत-बाहेर सरकवायच्या. मागच्या टायरच्या पुढच्या कडेला दोरी नुसती स्पर्श करेल, पण वाकणार नाही, तिथे थांबायचे. मग हँडल सरळ करून पुढच्या टायरपासून दोरीचे अंतर फुटपट्टीने मोजायचे.

हीरो स्प्लेंडरसारख्या गाडीला दोन्ही टायर एकाच रुंदीचे असतील तर दोरी पुढच्या टायरलाही जवळजवळ टेकते. पल्सर 150 वर बरीच वर्षे मागे 100 आणि पुढे 80 मि.मी. रुंदीचे टायर येत असत, म्हणजे तिथे दोन्हीकडे 10 मि.मी.ची फट दिसायला हवी. डावीकडे 13 आणि उजवीकडे 7 आली, तर मागचे चाक डावीकडे रोखलेले आहे. ते उजवीकडे वळवायला एक्सलचे उजवे टोक मागे ओढावे लागते. चेन डावीकडे असल्याने एक्सल मागे ओढणारा उजवा बोल्ट, म्हणजे अॅडजस्टर, फिरवून तिचा ढिलेपणा फारसा बदलत नाही, ही चांगली सोय. या उदाहरणात एक्सल अर्ध्या मि.मी.हूनही कमी सरकवायचा आहे. अॅडजस्टरच्या 8 मि.मी.च्या बोल्टाचा नट एका फेऱ्यात सहसा सव्वा मि.मी. पुढे जातो, तेव्हा अर्धा फेराही जास्तच होईल.

काही गाड्यांत मागचे चाक मुळातच थोडे एका बाजूला बसवलेले असते. तिथे फटी सारख्या येणार नाहीत. एकाच बाजूला पुढच्या टायरच्या दोन्ही कडांपाशी फट सारखी असली, तर चाके समांतर आहेत असे धरावे. एक्सल दोन्हीकडे मोजून बरोबर असूनही दोरी जुळत नसेल, तर दोष चिमट्यात, फ्रेममध्ये किंवा पडल्यावर पिळलेल्या फोर्कमध्ये शोधावा लागतो, आणि ते काम घरचे नव्हे.

शेवटी चेन. कव्हर काढून, मागे उकिडवे बसून, एक डोळा मिटून चेनच्या वरच्या पट्ट्यावरून पुढे पाहावे. कड्या एका सरळ रेषेत पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत जायला हव्यात. मागच्या स्प्रॉकेटपाशी कोन दिसू नये. चाके सरळ आणि चेनच तेवढी तिरपी असेल, तर बहुधा चाक बसवताना एखादा बुश उलट्या बाजूला गेला आहे.

एक्सलचा नट आवळताना चाक पुन्हा सरकते, आणि बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. यावर जुनी युक्ती आहे: इंजिन बंद ठेवून चेन आणि मागचे स्प्रॉकेट यांच्यामध्ये जाड फडक्याची घडी घालायची, चाक उलटे फिरवून ती दाबून धरायची आणि मग नट आवळायचा. एक्सल दोन्ही अॅडजस्टरना टेकून राहतो. बोटे मात्र स्प्रॉकेटपासून लांब हवीत. नट आवळल्यावर सळई पुन्हा एकदा लावून पाहावी आणि स्प्लिट पिन नवी घालावी.

ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे गेले की ब्रेकचा रॉड ताणला जातो. पेडलचा खेळ कमी होऊन लायनर घासत राहतात. म्हणून रॉडचा नट थोडा सैल करून चाक मोकळे फिरते ना, पेडल दाबल्यावर वेळेवर धरते ना आणि मागचा लाल दिवा लागतो ना, हे पाहूनच गाडी स्टँडवरून उतरवावी.