ग्वाकामोले: बीचा तोडगा आणि चरबीची भीती

पिकलेल्या फळाचा गर कुस्करून केलेले मेक्सिकोचे ग्वाकामोले काळे पडू नये म्हणून अ‍ॅव्होकॅडोची बी वाडग्यात रोवून ठेवावी, असे बरेच जण सांगतात. प्रत्यक्षात बीखाली झाकलेला भाग तेवढा हिरवा राहतो आणि आजूबाजूचे सगळे तपकिरी होते. बीमध्ये कसलाही गुण नाही. तिच्याखाली हवा पोचत नाही, एवढेच. गर चिरला किंवा कुस्करला की पेशी फुटतात, आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनच्या साहाय्याने गरातल्या फिनॉल संयुगांपासून तपकिरी रंगद्रव्य बनवते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते तेही यामुळेच.

तेव्हा हवा अडवायची. ग्वाकामोले डब्यात दाबून सपाट करावे, वर थोडे लिंबू पिळावे आणि प्लास्टिकची पातळ फिल्म थेट त्याच्यावर चिकटवावी. नुसते झाकण लावून भागत नाही, झाकणाखालच्या पोकळीत हवा असतेच. लिंबाच्या आंबटपणामुळे विकराचे काम मंदावते, थांबत मात्र नाही. म्हणून हिरव्या रंगासाठी चार लिंबे पिळून चव घालवू नये. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावे. वरचा तपकिरी थर विषारी नसतो, थोडा कडसर लागतो. चमच्याने काढून टाकावा.

बीच्या तोडग्याहून जास्त नुकसान करतो तो चरबीविषयीचा गैरसमज. ‘अ‍ॅव्होकॅडो म्हणजे नुसते लोणी, त्याने कोलेस्टेरॉल वाढते’ असे म्हणून लोक ते टाळतात. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. फळातून ते मिळण्याचा प्रश्नच नाही. 100 ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम स्निग्धांश असतो हे खरे, पण त्यातला सुमारे 10 ग्रॅम ऑलिव्ह तेलात असतो तसा एकअसंपृक्त प्रकारचा. लोण्यातल्या चरबीचा निम्म्याहून अधिक भाग संपृक्त असतो, इथे तो जेमतेम 2 ग्रॅम. शिवाय जवळपास 7 ग्रॅम तंतू आणि केळ्यापेक्षाही जास्त पोटॅशियम. (मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर बंधन असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे.)

या स्निग्धांशाचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. टोमॅटोतले लायकोपीन आणि बीटा-कॅरोटीन शरीरात नीट शोषले जायला चरबी लागते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये टोमॅटोच्या साल्सात अ‍ॅव्होकॅडो घालून पाहिले, तेव्हा लायकोपीनचे शोषण चारपटीहून अधिक वाढलेले आढळले. टोमॅटो आणि अ‍ॅव्होकॅडो एका वाडग्यात आणणारी मेक्सिकोची जुनी रीत पोषणाच्या दृष्टीनेही शहाणी आहे.

पण 100 ग्रॅम गरात सुमारे 160 कॅलरी असतात, हेही विसरू नये. ‘आरोग्यदायी’ म्हणून वाटीभर खाल्ले आणि सोबत तळलेल्या खारट चिप्सचे पाकीट संपवले, तर हिशेब बिघडतो तो मुख्यतः चिप्समुळे. मेक्सिकोत मक्याच्या मऊ रोटीसोबत, म्हणजे तोर्तियासोबतही, ग्वाकामोले खातात. आपल्याकडे काकडी-गाजराच्या फोडी किंवा ज्वारीची भाकरी चांगली जुळते.

ग्वाकामोले करायला मिक्सर लागतो, घट्टपणासाठी मेयोनीज किंवा क्रीम लागते, हेही समज सोडून द्यावेत. मिक्सरमध्ये त्याची चिकट पेस्ट होते आणि फळाचा पोत हरवतो. मेक्सिकोत बेसाल्टच्या दगडाचा तीन पायांचा खल वापरतात, मोल्काहेते. सह्याद्रीचा काळा दगडही बेसाल्टच, तेव्हा घरातला दगडी खलबत्ता इथे चपखल बसतो. आधी हिरवी मिरची, थोडा कांदा, कोथिंबिरीच्या काड्या आणि मीठ एकत्र चेचावे. सगळी चव या ठेच्यात असते आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. मग दोन पिकलेल्या फळांचा गर घालून ओबडधोबड कुस्करावा, बिया काढलेला टोमॅटो बारीक चिरून मिसळावा, अर्धे लिंबू पिळावे. दहा मिनिटांचे काम. फळ चिरण्याआधी साल धुवावी, नाहीतर सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात जातात.

आता फळाची निवड. ‘काळे झाले की पिकले’ हा नियम फक्त हास जातीपुरता. कॅलिफोर्नियातले पोस्टमन रुडॉल्फ हास यांनी 1935 मध्ये तिचे पेटंट घेतले आणि आज जगाच्या बाजारात तीच सर्वाधिक दिसते. कूर्ग किंवा निलगिरीकडून येणारी बरीच फळे पिकल्यावरही हिरवीच राहतात. तेव्हा रंगापेक्षा हाताचा अंदाज बरा: तळहातात धरून अलगद दाबावे, किंचित दबले की तयार.

अ‍ॅव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यानंतर पिकते. कडक फळ केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवले तर केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनमुळे लवकर पिकते. मायक्रोवेव्हमध्ये फळ मऊ होते, पिकत नाही. चव कच्चीच राहते. पाहुणे दारात आणि फळ कडक, असे झाले तर अ‍ॅव्होकॅडो बाजूला ठेवून मिरची, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू तेवढे बारीक चिरून कालवावे. मेक्सिकोत हेच ‘पिको दे गायो’ म्हणून रोजच्या जेवणात असते.