उकिरड्याची दैना फिटेल काय?

उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ज्या समाजात ती जन्मली, त्याच्या परसातच उकिरडा होता. त्याचे पुढे खत होते आणि ते आपल्याच शेतात जाते, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. शहरवासीयांचे परस गेले आणि उकिरडाही नजरेआड झाला. सकाळी घंटागाडी येते, डबा रिकामा होतो आणि आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. परंतु त्याने कचरा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या दारी जाऊन पडतो.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गावांच्या वेशीवर साठत गेला. तेथील विहिरींचे पाणी नासले आणि ग्रामस्थांना शहराच्या गाड्या वारंवार अडवाव्या लागल्या. मुंबईत देवनार येथे १९२७ पासून कचऱ्याचे डोंगर रचले गेले. जानेवारी २०१६ मध्ये तेथे भडकलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस रेंगाळला. आसपासच्या महापालिका शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगींना इंधन मिळते ते पुष्कळसे आपल्या स्वयंपाकघरांतून. ओला कचरा ढिगाखाली दबला की हवेवाचून कुजतो, आणि त्यातून ज्वालाग्राही मिथेन वायू निर्माण होतो.

वास्तविक भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा ह्यांत मुळात घाण अशी काहीच नसते. हे पदार्थ काच, प्लॅस्टिक व संपलेल्या सेलांबरोबर एका डब्यात पडतात, तेव्हा त्यांची घाण होते. ही भेसळ पुढे निस्तरण्यासाठी कचरावेचक स्त्रियांना आपल्या खरकट्यात हात घालावे लागतात. ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. परंतु कायद्याचा हात ओट्यापर्यंत पोहोचत नाही; तेथे घरातल्या माणसांचा विवेकच कामी येतो.

वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे काय करावे, ह्याचे शास्त्र आपल्याच भूमीत सिद्ध झाले आहे. होळकरांच्या इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ घडविली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. ओल्याला कोरड्याची जोड द्यावी आणि ढीग वरचेवर खालीवर करून त्याला हवा मिळू द्यावी, हे तिचे सार होय.

हे सार एका बादलीतही मावते. बादलीला भोके पाडावीत, तळाशी वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात. रोजचा ओला कचरा बारीक करून घालावा आणि प्रत्येक थरावर तितकाच कोरडा पाला टाकावा. थोडे जुने खत विरजणासारखे मिसळावे व दोन-चार दिवसांनी सारे ढवळावे. पिळलेल्या फडक्याइतकाच ओलावा असावा. दुर्गंधी आली, तर पाणी अधिक आणि हवा कमी झाली असे समजून कोरडा पाला वाढवावा. मासळी, मटण व तेलकट उष्टे प्रारंभी वगळलेले बरे. दोन-तीन महिन्यांत मातीचा गंध असलेले काळसर खत तयार होते.

जागा नाही, ही सबब अगदीच खोटी नाही. चाळीतल्या एका खोलीत जेथे माणसांनाच जागा अपुरी, तेथे बादलीचा आग्रह धरणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात सर्वांचा मिळून एक हौद होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न श्रमाचा आहे. हे आणखी एक घरकाम म्हणून गृहिणीच्याच माथी मारले, तर ते फार दिवस टिकणार नाही. ढवळण्याची पाळी घरातील कर्त्या पुरुषाने आणि शाळकरी मुलांनीही घेतली पाहिजे.

आपली घाण वेशीबाहेर टाकून स्वतःला स्वच्छ म्हणवून घेण्याची सवय आपल्या समाजात फार जुनी आहे. तिचे परिणाम वेशीबाहेरच्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले आहेत. ती सवय मोडण्याचा प्रारंभ एका बादलीपासून होत असेल, तर तो शिकल्यासवरल्या घरांतून व्हावा, हेच उचित.