शिक्का एकदा बसला, म्हणून सगळीकडे चालतो?

खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या रेल्वेला बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट असा उतार लागतो. त्यामुळे घाटात ठरलेल्या जागी गाडी थांबवून ब्रेक तपासतात. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत ते नीट लागले, हा दाखला तिथे पुरत नाही. सॉफ्टवेअरला मात्र तो पुरतो, असं मानणारे पुष्कळ आहेत.

गैरसमज असा: ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या तयार भागाला एकदा सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळालं, की तो मोटारीत, रेल्वेत, विमानात कुठेही बसवावा. प्रत्यक्षात प्रमाणपत्र अटींसकट येतं. मोटारींच्या आयएसओ २६२६२ मानकानुसार, कोणत्या गाडीत जाणार हे ठाऊक नसतानाही असा भाग बनवता येतो. भाग बनवणाऱ्याने आपली गृहीतकं लिहून द्यायची आणि ती आपल्या गाडीत खरी ठरतात का, हे गाडी बनवणाऱ्याने तपासायचं. तळेगावातल्या मोटार कारखान्यालाही त्यातून सुटका नाही.

सुरक्षिततेच्या पातळ्यांचंही तसंच. रेल्वेच्या ‘कवच’ या सुरक्षा प्रणालीला एसआयएल-४, म्हणजे सर्वोच्च दर्जा आहे. मोटारींत सर्वांत वरची पातळी एसिल-डी. रेल्वे आणि मोटारी, दोन्हींच्या मानकांचं मूळ आयईसी ६१५०८ या सर्वसाधारण मानकात असलं, तरी एकीकडचं प्रमाणपत्र दुसरीकडे आपोआप लागू होत नाही. विमानांतल्या सॉफ्टवेअरचं डीओ-१७८सी मानक तर वेगळ्याच घराण्यातलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००४ साली पुनर्वापराच्या घटकांसाठी परिपत्रक काढलं. त्यात आधीच्या कामाचं श्रेय मिळतं, नव्या विमानातली तपासणी माफ होत नाही.

‘वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतंय’ हा युक्तिवाद सर्वांत लाडका, आणि सर्वांत महागात पडलेला. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियन-४ मधून जसंच्या तसं घेतलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त. त्यावरून आलेला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तोही बंद पडला होता. गंमत म्हणजे ती आकडेमोड उड्डाणानंतर एरियन-५ च्या काही उपयोगाचीच नव्हती! त्या घटकाची चाचणी नव्या रॉकेटच्या मार्गाची माहिती देऊन झाली नव्हती, हे चौकशीत उघड झालं.

तेव्हा तयार भाग विकत घेणाऱ्या उद्योजकाने विक्रेत्याकडे प्रमाणपत्राबरोबर ही गृहीतकं आणि अटी सांगणारी सुरक्षा-पुस्तिकाही मागावी आणि ती सही करण्याआधी वाचावी.